दोषाचा गुण होताना

मिठागरांच्या या किनारपट्टीस ‘हॅलाइड’ हा शब्द परका वाटला, तरी वस्तू परकी नाही. आपले रोजचे मीठ हे एक हॅलाइडच होय. त्याच कुळातील हॅलाइड पेरोव्हस्काइट या स्फटिकांकडून आज संगणकशास्त्र नव्या स्मृतीची अपेक्षा करीत आहे.

२००९ साली जपानात मियासाका यांच्या गटाने शिसे आणि आयोडीन यांनी घडलेले हे स्फटिक सौर घटात वापरून वीज मिळविली. पुढे त्या घटांत एक खोड दिसून आली. विजेच्या दाबाखाली आयोडीनचे आयन जागा सोडून सरकतात आणि आधी काय घडले यावर घटाची वर्तणूक अवलंबून राहते. सौर घटास ही व्याधी. स्मृतीस मात्र हेच वरदान! सरकलेले आयन विजेची वाट सुगम वा बिकट करतात आणि प्रवाह थांबल्यावरही ती खूण मागे उरू शकते. लिऑन चुआ यांनी १९७१ साली सिद्धांतरूपाने मांडलेल्या ‘मेमरिस्टर’चा गुण तो हाच. मेंदूतील पेशींमधला सांधाही वापराप्रमाणे असाच दृढ वा शिथिल होत असतो.

आजच्या संगणकात स्मृती एकीकडे आणि गणित दुसरीकडे. माहितीच्या ने-आणीतच पुष्कळ वीज खर्ची पडते. मानवी मेंदू सुमारे २० वॅटवर, म्हणजे एका मिणमिणत्या दिव्याच्या विजेवर, सारा संसार हाकतो. कृत्रिम बुद्धीच्या संगणककेंद्रांची वाढती भूक पाहता, हे संशोधन केवळ हौसेचे नव्हे.

तथापि हुरळून जाणे आम्हांस मान्य नाही. आषाढात बरणीतले मीठ पाझरते, तसे हे स्फटिकही दमट हवेत बिघडतात. मीठ विरघळले तर पाणी खारट होते. हे विरघळले तर शिसे मोकळे होते, आणि शिसे हे कोवळ्या मेंदूस विषच. मेंदूची नक्कल करणाऱ्या वस्तूने खऱ्या मेंदूस अपाय करावा, याहून मोठा विपर्यास कोणता? शिशाऐवजी कथील वा बिस्मथ वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु ते पूर्णत्वास जाण्यापूर्वीच बाजार धावू लागेल, ही आमची भीती आहे.

२०१२ साली खाणी थांबेपर्यंत गोव्याने पैसा आधी मोजला आणि शेतांतला गाळ मागाहून. तोच क्रम पुन्हा नको. निकामी झालेले साहित्य परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारा कठोर नियम हे स्फटिक प्रयोगशाळेबाहेर पडण्यापूर्वीच सिद्ध असावा. पदार्थाच्या दोषाचा गुण करणे ही शास्त्रज्ञांची कर्तबगारी; त्या गुणाचा पुन्हा दोष होऊ न देणे, हे राज्यकर्त्यांचे आणि आपणा सर्वांचे कर्तव्य होय.