चिल्का सरोवराचा कोणता किनारा?

ओडिशात जाणारा प्रवासी ‘चिल्का पाहावयाचे’ असे ठरवून निघतो. परंतु चिल्का हे एक स्थळ नव्हे. उन्हाळ्यात सुमारे ९०० आणि पावसाळ्यात ११०० चौरस किलोमीटरांहून अधिक विस्तार असलेले हे सरोवर एका दिवसात पाहून होत नाही. तेव्हा कोणत्या किनाऱ्यावर उतरावे, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. त्याचे उत्तर सरोवराच्या पाण्यात आहे.

उत्तरेकडून महानदीच्या दया व भार्गवी या शाखा गोडे पाणी आणि गाळ आणतात. पूर्वेकडून समुद्राचे खारे पाणी आत शिरते. या दोहोंच्या मिश्रणाने पाणी कोठे गोडे, कोठे मचूळ, तर कोठे खारट होते आणि त्याप्रमाणे जीवसृष्टीही बदलते.

उत्तरेच्या उथळ, लव्हाळ्यांनी भरलेल्या पाणथळीत मंगळाजोडी हे गाव आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत येथे परदेशी पाखरांचे थवे उतरतात. बांबूने रेटल्या जाणाऱ्या लहान होड्यांतून ते अगदी जवळून पाहता येतात. समुद्रमुखाजवळच्या सातपाड्यास इरावती डॉल्फिन आढळतात आणि पुरीहून तेथवर सडक आहे. ज्याला देवदर्शन व बेटे हवी असतील त्याने पश्चिमेच्या बालुगाव किंवा बरकूल येथून कालीजाईच्या बेटाकडे जावे. दक्षिणेस रंभा येथे डोंगर पाण्यापर्यंत आलेले आहेत. तेथे गर्दीही कमी असते. बालुगाव व रंभा ही दोन्ही गावे हावडा–चेन्नई रेल्वेमार्गावर आहेत. पावसाळ्यात मात्र पाखरांच्या आशेने जाणे व्यर्थ होय. नळबन हे पक्ष्यांसाठी राखलेले बेट तर त्या काळात पाण्याखालीच असते.

ही निवड केवळ प्रवाशाच्या सोयीची बाब नाही. गाळाने समुद्रमुख बुजत चालल्यामुळे पाण्याचा खारटपणा घटला, पाणवनस्पती माजल्या आणि मासळी कमी झाली. १९८१ मध्ये रामसर यादीत आलेल्या या सरोवराची १९९३ मध्ये संकटग्रस्त पाणथळींत नोंद करावी लागली. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदण्यात आले. त्यानंतर मासळी पुन्हा वाढली आणि २००२ मध्ये ती नोंद काढून टाकण्यात आली. मंगळाजोडीत पूर्वी पाखरांची शिकार करणारेच पुढे त्यांचे राखणदार झाले. प्रवाशांना होडीतून हिंडविणे हे आता त्यांच्या उपजीविकेचे एक साधन आहे.

म्हणून चार किनाऱ्यांमागे धावण्यापेक्षा ऋतू पाहून एकच किनारा निवडावा आणि तेथे दोन रात्री राहावे. डॉल्फिनचा पाठलाग करण्याचा आग्रह नावाड्यास करू नये. यंत्र थांबवून वाट पाहावी. कोळ्यांच्या जाळ्यांपासून होडी दूर ठेवावी. ज्या पाण्यावर त्यांचे पोट अवलंबून आहे, त्याच पाण्यावर प्रवासी चार घटकांचा पाहुणा असतो.