जुनी व्हॅन तापते केव्हा?

घाटात एखादी जुनी व्हॅन वाफा सोडीत कडेला उभी असलेली तुम्ही पाहिली असेल. चालक पाणी ओततो, गाडी निघते आणि चार वळणांनंतर पुन्हा तेच! पाणी कमी होणे हे पुष्कळदा नुसते लक्षण असते. मूळ दुखणे निराळेच असते. ते शोधताना पहिला प्रश्न विचारावा: गाडी नेमकी केव्हा तापते?

आधी थोडा हिशेब पाहू. पेट्रोल जळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी जुन्या इंजिनात जेमतेम एक चतुर्थांश चाके फिरवण्याच्या कामी येते. उरलेली काही धुराबरोबर जाते, काही सिलिंडरच्या भिंतींत शिरते. भिंतींतील उष्णता पाणी उचलते, पंप ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरवतो आणि तेथे हवा ती उष्णता घेऊन जाते. कित्येक जुन्या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या आसनाखाली पेटीत बंद असते. त्याला वारा असा लागतच नाही. सारी भिस्त पाण्यावर.

हे पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळू नये म्हणून रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.९ वातावरणाने अधिक असला, तर पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची रबरी चकती झिजली की हा फायदा गेला. महाबळेश्वरच्या उंचीवर तर उघडे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते.

पण झाकण तपासायचे ते इंजिन गार असताना. समजा, पाणी ११५ अंशांवर आहे आणि कोणी झाकण काढले. दाब उतरताच उत्कलनबिंदू १०० वर येतो. जास्तीची १५ अंशांची उष्णता एक किलो पाण्यात १५ × ४.२, म्हणजे ६३ किलोज्यूल होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.२६ किलोज्यूल लागतात. म्हणजे जवळजवळ २८ ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिला जागा लागते ४५ लिटरांहून अधिक! ही वाफ उरलेले उकळते पाणी थेट तोंडावर उडवते. म्हणून इंजिन बंद करून चांगला अर्धा-पाऊण तास थांबावे; वरची रबरी नळी हाताला गार लागेपर्यंत झाकणाला हात लावू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गर्दीत उभी असताना गाडी तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, असे असेल तर संशय पंख्यावर. धावताना मिळणारा वारा पुरतो. उभे असताना तो पंख्यानेच द्यायचा असतो. पंख्याचा पट्टा सैल आहे का, किंवा पंखा विजेचा असेल तर फ्यूज उडाला आहे का, ते पाहावे.

याउलट पंखा ठीक असूनही वेग वाढवला की किंवा भरल्या गाडीने चढ लागला की तापत असेल, तर रेडिएटर तुंबला असावा. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले की नळ्यांत क्षारांचा थर बसतो. हा थर तांब्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही उष्णता वाहून नेत नाही. घरच्या बंबात बसणारे किटण ते हेच.

गार इंजिन चालू करताच रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येऊ लागले, तर बहुधा हेड गॅस्केट फुटले आहे. हे काम थेट मेकॅनिकचे.

राहिला थर्मोस्टॅट. काटा चढलेला, पण रेडिएटर मात्र गारच, असे दिसले तर ही झडप मिटलेली राहिली असण्याचा संभव मोठा. तिच्यात मेण असते. साधारण ८२ अंशांना ते वितळून फुगते आणि झडप उघडते. काही मेकॅनिक ही झडप काढूनच टाकतात. मला ते पटत नाही, कारण मग इंजिन फार वेळ थंड राहते, पेट्रोल जास्त खाते आणि लवकर झिजते.

गॅरेजमधून काढलेला एखादा जुना थर्मोस्टॅट मिळाला, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली तो चंचुपात्रातील पाण्यात दोऱ्याने टांगा, तापमापक लावा आणि पाणी हळूहळू तापवा. झडप किती अंशांना हलते ते त्यावर कोरलेल्या आकड्याशी ताडून पाहा. मग पाणी निवू द्या. मिटताना ती त्याच तापमानाला मिटते का?