टी मौर : वेल्समधील एक दगडी शेतघर

कोणत्याही देशांतील शेतकऱ्याचें घर नीट पाहिलें असतां तेथील जमीन, पाऊसपाणी व लोकांची राहणी यांविषयीं पुष्कळ ज्ञान होतें. म्हणून या अंकांत आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उत्तर वेल्समधील एका जुन्या शेतघराची ओळख करून देत आहों.

पेनमाख्नो गांवानजीक विब्रनांट नांवाचें डोंगरांनीं वेढलेलें एक लहानसें खोरें आहे. तेथें सोळाव्या शतकांतील हें घर उभें आहे. त्याचें नांव टी मौर. वेल्श भाषेंत 'टी' म्हणजे घर व 'मौर' म्हणजे मोठें. आजच्या दृष्टीस तें लहान वाटेल. पण त्या काळच्या डोंगरी शेतकऱ्याचें दुमजली दगडी घर म्हणजे सुस्थितीचें लक्षण होतें.

या प्रदेशांत पाऊस फार व वारा बोचरा. त्याचें उत्तर तेथील लोकांनीं आपल्याच डोंगरांत शोधिलें. आसपास मिळणारे ओबडधोबड दगड रचून जाड भिंती उभारल्या. छपरावर पाटीच्या दगडाच्या चिपा घातल्या. हा दगड पातळ थरांनीं फुटतो व पाणी शोषीत नाहीं. छपरास चांगला उतार दिल्यामुळें पाणी त्यावर थांबत नाहीं. खिडक्या लहान ठेविल्या, कारण कांच महाग असे व मोठ्या खिडकीनें ऊब बाहेर जाई.

परंतु या घराचें खरें मर्म त्याच्या चुलींत आहे. याहून जुन्या वेल्श घरांत विस्तव जमिनीवर मध्यभागीं पेटवीत. धूर वर चढून छपरांतून जमेल तसा बाहेर जाई. त्यामुळें तें दालन छपरापर्यंत मोकळें ठेवावें लागे. वर माडी घातली तर ती धुरानें भरून जाई. पुढें चूल घराच्या टोकाच्या भिंतीशीं नेली व तिच्यावर दगडी धुराडें बांधलें. या एका फेरफारानें सारें घर पालटलें. धुरास स्वतःची वाट मिळतांच वरची पोकळी उपयोगांत आली. ओकच्या तुळया टाकून तिच्यावर माडी घालतां आली. तापलेलें दगडी धुराडें विस्तव मंदावल्यावरही बराच वेळ ऊब देई.

या धर्तीच्या घरांत समोरासमोर दोन दारें असतात. एका बाजूस चुलीचें मोठें दालन. दुसऱ्या बाजूस, लांकडी फळ्यांच्या आडभिंतीपलीकडे, दोन लहान खोल्या. त्यांत निजण्याची व अन्नधान्य ठेवण्याची सोय केलेली असे. स्वयंपाक, जेवण, संध्याकाळचें काम व गप्पागोष्टी हें सर्व मात्र चुलीपाशींच चाले.

सन १५४५ च्या सुमारास टी मौर येथें विल्यम मॉर्गन यांचा जन्म झाला. त्यांच्या बालपणीं वेल्श भाषेचे दिवस कठीण होते. १५३६ च्या कायद्यानें न्यायालयाची व सरकारी कामाची भाषा इंग्रजी ठरली होती. १५६७ सालीं नवा करार वेल्शमध्यें छापला गेला, परंतु त्यांतील विलक्षण लेखनपद्धतीमुळें तो वाचणें सामान्य जनांस जड जाई. मॉर्गन यांनीं केंब्रिज येथें शिक्षण घेतलें व पुढें पाद्रीपणाचें काम करीत असतां जुन्या कराराचें भाषांतर केलें. नवा करारही सुधारला. १५८८ सालीं त्यांचें संपूर्ण वेल्श बायबल प्रसिद्ध झालें. लेखी वेल्श भाषेस त्यानें एक स्थिर व भारदस्त रूप दिलें. २०२१ च्या जनगणनेंत वेल्समध्यें सुमारें ५ लक्ष ३८ हजार लोकांनीं आपणांस ही भाषा बोलतां येते असें सांगितलें.

टी मौर १९५१ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हातीं आहे. निरनिराळ्या भाषांतील बायबलें तेथें जपून ठेविलीं आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या गांवचें एखादें जुनें घर अशाच दृष्टीनें पाहावें. दगड कोठला, छपराचा उतार किती, धूर कोणत्या वाटेनें जातो, हें वडीलधाऱ्यांस विचारावें; आणि त्या घरांतील चुलीपाशीं जे जुने शब्द अजून बोलले जातात, तेही टिपून ठेवावे. भिंत पडली तर ती पुन्हां बांधतां येते. विसरलेला शब्द मात्र सहसा परत येत नाहीं.