मनाची मशागत (भाग 7) : वड्याचं तेल वांग्यावर

मागच्या भागात चिंतेचा विचार केला. या आठवड्यात पाळी रागाची.

नवी मुंबईतल्या करावे गावठाणातली संध्याकाळ. गल्ली इतकी चिंचोळी की एक टेम्पो उभा राहिला तर दुचाकीलाही वाट मिळत नाही. कुणी हॉर्नवरचं बोट काढत नाही, कुणी आईबहिणीवर येतं, चार माणसं जमतात. टेम्पो हलतो, गर्दी पांगते. शरीरातला राग मात्र इतक्यात उतरत नाही. त्या गर्दीतला एक माणूस घरी येतो आणि आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावतो. बायको गप्प, मुलं आतल्या खोलीत.

राग येणं हा आजार नव्हे. राग आला की अॅड्रेनॅलिन वाढतं, छाती धडधडते, जबडा आवळला जातो, मुठी वळतात. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातील डॉ. दाइची शिंबो यांच्या गटाने 280 निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग 2024 मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांना राग आणणारा प्रसंग फक्त आठ मिनिटं आठवायला लावला, त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता कमी झाली, आणि हा परिणाम चाळीस मिनिटांपर्यंत टिकला.

‘एकदा आदळआपट केली की मोकळं वाटतं’ हा समजही खरा नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या 2002 मधल्या प्रयोगात, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पिशवीवर ठोसे मारणारे विद्यार्थी अधिकच चिडले. नुसते शांत बसलेले त्यांच्यापेक्षा कमी रागात होते. बुशमन यांच्याच सहभागाने 2024 मध्ये 154 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्याचाही निष्कर्ष हाच, की शरीर शांत करणारे उपाय लागू पडतात. रागाच्या भरात धावत सुटल्याने मात्र तो उतरत नाही.

मग राग ‘समस्या’ कधी म्हणायचा? साधारण तीन महिने, आठवड्यातून सरासरी दोनदा, क्षुल्लक कारणावरून शिवीगाळ किंवा अंगावर धावून जाणं होत असेल, तर तज्ज्ञाला दाखवायला हवं. स्वतःला विचारण्यासारखा आणखी एक प्रश्न आहे. साहेबासमोर जीभ आवरते आणि घरीच का सुटते? तसं होत असेल तर ‘माझा ताबाच सुटतो’ ही सबब टिकत नाही.

राग आवरता येतो, तसा योग्य जागी वळवताही येतो. करावे हे नवी मुंबई वसवण्यासाठी सिडकोने जमीन घेतलेल्या 95 गावांपैकी एक. रागाला दिशा कशी देतात, हे या पट्ट्याला कुणी शिकवायला नको. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी जमिनीच्या मोबदल्यासाठी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक गेले. त्याच लढ्यातून, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचं तत्त्व आलं. तो राग अन्यायावर होता, त्याला मागणी होती, संघटना होती. आमटीच्या ताटावर निघणाऱ्या रागाला यातलं काहीच नसतं.

उपाय सुरू होतो तो पहिली खूण ओळखण्यापासून. जबडा आवळला, आवाज चढला की थांबायचं. ‘मी अर्ध्या तासाने बोलतो’ एवढं सांगून बाजूला व्हायचं, श्वास सावकाश सोडायचा. मात्र परत येऊन बोलायचंच. नाहीतर तो अबोला होतो.

डोकं निवल्यावर पुढचं काम. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती सांगते, की राग घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या हट्टातून पेटतो. ‘घरी आल्यावर सगळं मनासारखं असलंच पाहिजे’ यातला ‘च’ काढून ‘असलं तर बरं’ म्हणायला शिकायचं. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आय.पी.एच. या मानसिक आरोग्य संस्थेत ही पद्धत वापरली जाते. दारू, अपुरी झोप किंवा नैराश्य यामागे असेल तर आधी त्यावर उपचार हवेत.

सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा 14416 वर चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. घरात हात उचलला जात असेल, तर सोसणाऱ्या स्त्रीने मारणाऱ्याचा राग शांत होण्याची वाट पाहू नये. 181 किंवा 112 वर फोन करावा.