नव्वद सेंटीमीटरची बार्शी लाइट

दिवाळीतल्या किल्ल्याची माती ओली असतानाच पोरांना अळीव उगवून हवं असतं. मॉडेल रेल्वे करणाऱ्या मोठ्या माणसांचंही तसंच. झाडं, देऊळ, सिग्नल आधी. गाडी धावते की नाही ते मग पाहू! बार्शी लाइटचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप नेमका उलट स्वभावाचा होता. हिंदुस्थानात धाडायची गाडी त्याने आधी इंग्लंडात, लीड्सजवळच्या न्यूले इथे मुद्दाम टाकलेल्या रुळांवर चालवून पाहिली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी ही अडीच फुटी लाइन सुरू झाली. १९०६मध्ये ती पंढरपूरला, १९११मध्ये लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला पोचली. (याच गृहस्थाने पुढे विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही तयार केलं. डोकं एका जागी बसणारं नव्हतं.)

आता ती सगळी लाइन ब्रॉडगेज झाली आहे. मॉडेल करणाऱ्याला मात्र तिच्यात एक सोय आहे. १:८७ हे प्रमाण घेतलं, तर ७६२ मिलिमीटरच्या गेजला पावणेनऊ मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग लागतो. बाजारात नऊ मिलिमीटरचा तयार मिळतो. पाव मिलिमीटरच्या फरकाने कुणाचं बिघडत नाही. माथेरानची गाडी दोन फुटी. तिला याच प्रमाणात सात मिलिमीटर हवेत, म्हणून तिचे भक्त नऊ मिलिमीटरच्या रुळांवर बसवण्यासाठी साधारण १:६८चं, म्हणजे जरा मोठं मॉडेल करतात.

खरी गंमत रुळाच्या उंचीत आहे. बार्शीचे मूळ रूळ यार्डाला ३० पौंडांचे, उंचीला तीन इंचांच्या आसपास. सर्रास मिळणारा ‘कोड ८०’ रूळ (कोडचा आकडा म्हणजे उंची, इंचाच्या हजाराव्या भागांत) दोन मिलिमीटरहून किंचित जास्त उंच असतो. त्याला ८७ने गुणा: १७७ मिलिमीटर! आजच्या मेन लाइनवरचा साठ किलोचा रूळही १७२ मिलिमीटरचाच असतो. म्हणजे नाव ‘लाइट’ आणि रूळ राजधानी एक्स्प्रेसपेक्षा दणकट. ‘कोड ४०’ घेतला तर दिसायला झकास, पण खोल कडांची स्वस्तातली चाकं त्याच्या खिळ्यांवर खडखडतात. माझं मत ‘कोड ५५’च्या बाजूने आहे. रुळाच्या बाजूंना गंजाचा रंग द्यावा आणि स्लीपर खडीत अर्धे बुडवावेत.

जागा किती लागते? चाळीस फुटी डबा धरला तर मॉडेलमध्ये चौदा सेंटीमीटर होतो. असे दोन डबे आणि दहा सेंटीमीटरचं इंजिन मिळून अडतीस. दोन टोकांना गाडीचा रूळ बदलणारे दोन सांधे पंचवीस सेंटीमीटर खातात. नव्वद बाय तीसच्या फळीवर क्रॉसिंगचं स्टेशन बसतं, वर मालधक्क्यापुरती जागा उरते. दुसऱ्या कुणाच्या तुकड्याला जोडता यावी म्हणून फळीच्या दोन्ही टोकांचे रूळ तांब्याचा मुलामा असलेल्या स्लीपरवर डाग देऊन पक्के करावेत. नाहीतर वाहतुकीत पहिला धक्का त्या टोकांनाच बसतो. उन्हाने रूळ वाढतात अशी भीती सगळेच घालतात. पण एवढ्या लांबीत वीस अंशांच्या फरकाने रूळ वाढतो तो जेमतेम तीन दशांश मिलिमीटर. पावसाळ्यात फुगतं ते लाकूड. म्हणून चांगलं प्लायवुड घ्यावं आणि खालून-वरून, कडांनाही वॉर्निश लावावं.

यानंतर खडीचा एक कणही न टाकता चाचणी. आधी बोट. डोळ्यांना न दिसणारी जोडावरची पायरी नखाला लगेच लागते. मग इंजिन बाजूला ठेवून एकच वाघीण बोटाने ढकलायची, दोन्ही दिशांनी, प्रत्येक सांध्यातून. ती घसरली तर दोष रुळाचा की चाकांमधल्या अंतराचा, हे मोजपट्टीने ठरवता येतं. इंजिन लावलं की वेगाच्या भरात दोष लपतो. कॅलथ्रॉपने इंजिनापासून मालडब्यापर्यंत प्रत्येक आसावर पाच टनांचाच भार ठरवला होता, म्हणून हलक्या रुळांवर एवढी वाहतूक झेपली. मॉडेलमध्येही डब्यांची वजनं सारखी करावीत. गाडी मागे ढकलताना दोन जड डब्यांमधला रिकामा डबा हमखास उचलला जातो.

विजेचं दुखणं वेगळं. छोट्या इंजिनाच्या पुढच्या-मागच्या चाकांत दोन-तीन सेंटीमीटरच अंतर असतं. सांध्यात रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगवर प्लास्टिकचा तुकडा आला की ते तिथेच ठप्प. धातूचं क्रॉसिंग घेऊन सांध्याबरोबर त्याची ध्रुवता बदलणारा स्विच बसवला की हा त्रास संपतो. रुळांच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार हवी, कारण रंग आणि गोंद शिरले की जोडपट्ट्यांतून वीज जाईलच असं नाही. डिजिटल नियंत्रण असेल तर सर्वांत दूरच्या कोपऱ्यात रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवावं: पुरवठा तत्काळ तुटला पाहिजे. तुटला नाही तर तारा बारीक आहेत असं समजावं. शेवटी इंजिन रांगत्या वेगाने न्यायचं. भरधाव गाडी मेलेल्या जागा उडी मारून पार करते, रांगणारी प्रत्येक जागा दाखवून देते.

खडी गोंदाने बसवल्यावर हे सगळं पुन्हा करावं लागतं, कारण सांध्याच्या हलत्या पात्यांत एखादा खडा चिकटलेला असतोच.

मग देखावा. बार्शी-पंढरपूरच्या मुलखाला तो फार लागत नाही: काळी माती, कडुनिंब, ज्वारीचं रान आणि आषाढीची गर्दी. वारकरी मात्र विकत मिळत नाहीत. दोन सेंटीमीटर उंचीचे युरोपी प्रवासी घ्यायचे, हॅट पात्याने तासायची, कोटाला पांढरा रंग द्यायचा आणि डोक्याला दोऱ्याचा फेटा गुंडाळायचा. हातातली सुटकेस आधी कापून टाकावी.