अंधारातील रानडुक्कर आणि उष्णतादर्शक जोडयंत्र

जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग राज्यात, पोलंडच्या सरहद्दीनजीक, सप्टेंबर २०२० मध्ये एका मृत रानडुकराच्या शरीरात ‘आफ्रिकन स्वाइन फीव्हर’ या रोगाचे विषाणू आढळून आले. हा रोग माणसास होत नाही. परंतु डुकरांच्या कळपात तो एकदा शिरला म्हणजे बहुतेक जनावरांचा बळी घेतल्यावाचून राहत नाही. २००७ मध्ये जॉर्जिया देशात प्रवेश करून तो हळूहळू पश्चिमेकडे सरकत आला होता. त्याच २०२० साली आपल्याकडे आसाम व अरुणाचल प्रदेश येथील डुकरांतही तो प्रथमच दिसून आला. रानडुकरांमार्फत हा रोग पाळीव डुकरांपर्यंत पोहोचू नये, म्हणून जर्मनीत कुंपणे घालण्यात आली, मेलेली जनावरे शोधून त्यांची विल्हेवाट लावण्यात आली, आणि रानडुकरांची संख्या कमी करण्याचे काम परवानाधारक शिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले.

परंतु रानडुक्कर हे मोठे सावध जनावर आहे. माणसाचा उपद्रव वाढला, की ते दिवसा झाडीत दडून बसते व रात्रीच शेतात उतरते. रोग पोलंडमधून जवळ येत चालल्याचे पाहून, फेब्रुवारी २०२० मध्येच जर्मनीच्या शस्त्रविषयक कायद्यात एक दुरुस्ती करण्यात आली होती. दिवसाच्या नेहमीच्या दुर्बिणीस जोडावयाची रात्रिदर्शक यंत्रे शिकाऱ्यांना त्या दुरुस्तीने मोकळी करून दिली. स्वतःचीच नेमखूण असलेली संपूर्ण उष्णता-दुर्बीण मात्र तिने मोकळी केली नाही. या जोडयंत्रांस ‘क्लिप-ऑन’ असे म्हणतात. ते कसे चालते आणि त्याची निवड कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा विचार येथे केला आहे.

उष्णतेचे अदृश्य किरण

इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शल या ज्योतिर्विदाने लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यास काहीच दिसत नव्हते, तेथेच पारा अधिक चढला. या अदृश्य किरणांनाच आपण अवरक्त किरण म्हणतो.

प्रत्येक पदार्थ आपल्या तापमानाप्रमाणे असे किरण बाहेर टाकीत असतो. पदार्थ जितका अधिक तप्त, तितकी त्याच्या प्रखरतम किरणांची तरंगलांबी कमी. सूर्याचे प्रखरतम किरण सुमारे अर्ध्या मायक्रॉनचे असतात; जिवंत प्राण्याच्या शरीराचे साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास. सुदैवाने ८ ते १४ मायक्रॉन या पट्ट्यातील किरणांना हवा फारशी अडवीत नाही. म्हणून काळ्याकुट्ट रात्रीही प्राण्याचे शरीर दूरवर ‘प्रकाशत’ असते. ते पाहण्याजोगा डोळा तेवढा आपल्यापाशी नसतो.

तारकांचा मंद प्रकाश अनेकपटींनी वाढवून दाखविणारी रात्रिदर्शक यंत्रे वेगळी आणि ही यंत्रे वेगळी. पहिल्या प्रकारास थोडा तरी प्रकाश लागतो. उष्णतादर्शकास तो मुळीच लागत नाही.

यंत्राची रचना

साधी काच हे किरण आरपार जाऊ देत नाही. म्हणून या यंत्राचे पुढचे भिंग जर्मेनियम या मूलद्रव्याचे करतात. दिसण्यात ते करड्या धातूसारखे अपारदर्शक असते, परंतु अवरक्त किरणांना ते वाट देते. या मूलद्रव्याचे अस्तित्व मेंडेलीव्ह याने अगोदरच वर्तविले होते. १८८६ मध्ये क्लेमेन्स विंक्लर याने ते ब्रांडेनबुर्गच्या शेजारच्याच सॅक्सनीतील फ्रायबर्ग येथे शोधून काढले.

भिंगामागे सूक्ष्म उष्णतामापकांची एक जाळी असते. तिच्यातील प्रत्येक घटक म्हणजे व्हॅनेडियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचा, आधारापासून किंचित उचलून धरलेला एक इवलासा तुकडा होय. किरण पडले, की तो तापतो व त्याचा विद्युत्‌रोध बदलतो. त्या बदलावरून चित्राचा एक बिंदू तयार होतो. असे लक्षावधी बिंदू मिळून बनलेले चित्र आतील लहानशा पडद्यावर उमटते.

येथपर्यंत सर्वच उष्णतादर्शक सारखे. जोडयंत्राचे वैशिष्ट्य यापुढे आहे. पडद्यापुढील भिंगसमूह त्या चित्राचे किरण समांतर करून बाहेर सोडतो. त्यामुळे मागील दुर्बिणीस ते चित्र जवळच्या पडद्यावरचे न भासता दूरच्या दृश्यासारखे भासते. दुर्बीण जशीच्या तशी राहते. तिच्यातील नेमखूणही हलत नाही. म्हणून दिवसा साधलेली रायफल रात्री पुन्हा साधावी लागू नये, अशी अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत पुरी होते, यावरच यंत्राची योग्यता ठरते.

पहिली कसोटी : चित्रबिंदू आणि नाभीय अंतर

विक्रेते बहुधा ‘इतक्या मीटरवरून जनावर दिसते’ असा मोठा आकडा सांगतात. परंतु ‘दिसणे’ या शब्दाचे अनेक अर्थ होतात. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने लष्करी प्रयोगशाळेतील निरीक्षणांवरून याचे तीन ठळक टप्पे दाखविले. काहीतरी आहे एवढे समजण्यास वस्तूच्या लहान बाजूवर सुमारे दोन चित्रबिंदू पुरतात. ते कोणत्या जातीचे आहे हे कळण्यास सुमारे आठ लागतात. आणि नेमके कोण आहे हे ओळखण्यास सुमारे तेरा. पाहणाऱ्यांपैकी निम्म्यांना जमेल, अशा बेताने हे आकडे धरलेले आहेत. खात्रीसाठी त्याहून अधिक बिंदू हवेत.

उदाहरणार्थ, जाळीतील बिंदूंमधील अंतर १२ मायक्रॉन आणि भिंगाचे नाभीय अंतर ३५ मिलिमीटर आहे असे समजू. अशा यंत्रात १०० मीटरवर एक बिंदू सुमारे ३.४ सेंटिमीटर जागा व्यापतो. रानडुकराच्या धडाची उंची ५० सेंटिमीटर धरली, तर १०० मीटरवर तिच्यावर चौदा बिंदू पडतात. २०० मीटरवर सात. ४०० मीटरवर तीन-चार. म्हणजे ४०० मीटरवर ते जनावर ‘दिसते’ हे खरे, परंतु तो नुसता एक उजळ ठिपका असतो. तो ठिपका डुक्कर आहे, हरिण आहे, कुत्रा आहे, की वाकून काम करणारा माणूस आहे, हे त्यावरून सांगता येत नाही.

मादीच्या पायांशी असलेल्या वीस सेंटिमीटर उंचीच्या पिलावर तर १०० मीटरवरही जेमतेम सहाच बिंदू येतात, आणि गवत आड आले तर तेवढेही नाहीत. पिलांचे संगोपन करणाऱ्या मादीस मारणे जर्मन कायद्याने निषिद्ध आहे. हे बिंदूंचे गणित केवळ हौसेचे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

नाभीय अंतर ५० मिलिमीटर घेतले, तर त्याच अंतरावर एक बिंदू २.४ सेंटिमीटर व्यापतो आणि धडावर सुमारे वीस बिंदू पडतात. परंतु त्याची किंमत दृश्याच्या रुंदीत मोजावी लागते. आडव्या ओळीत ६४० बिंदू असलेल्या जाळीत ३५ मिलिमीटरचे भिंग १०० मीटरवर सुमारे २२ मीटर रुंद दृश्य दाखविते, तर ५० मिलिमीटरचे केवळ १५ मीटर. शिवाय मोठे भिंग जड व महागही असते. दाट रानात, थोड्या अंतरावर काम असेल तर लहान नाभीय अंतर सोयीचे. मोकळ्या शेतजमिनीवर मोठे.

दुसरी कसोटी : तापमानातील सूक्ष्म भेद

यंत्रास तापमानातील किती लहान फरक जाणवतो, हे अंशाच्या सहस्रांशात सांगितले जाते. चांगल्या यंत्रात हा आकडा २५ च्या आसपास, किंवा त्याहून कमी असतो. म्हणजे अंशाच्या चाळिसाव्या भागाएवढा फरकही त्यास कळतो. कोरड्या थंड रात्री साधारण यंत्रही उत्तम चित्र देते. परंतु पाऊस पडून गेल्यावर झाड, माती, दगड ही सारी एकाच तापमानाला येतात, आणि दाट धुके तर किरणच अडविते. अशा वेळी चांगल्या-वाईट यंत्रांतील अंतर उघडे पडते. यास्तव यंत्राची परीक्षा दुकानातील उबदार खोलीत न करता ओलसर रात्री, उघड्या माळावर करावी.

तिसरी कसोटी : दुर्बिणीशी मेळ

जोडयंत्राची प्रतिमा मूळ दृश्याच्या आकाराचीच, म्हणजे एकपट असली पाहिजे. वर्धनाचे काम मागील दुर्बीण करते. परंतु दुर्बीण दृश्याबरोबर पडद्यावरील बिंदूही मोठे करून दाखविते. त्यामुळे वर्धन चार ते सहा पटींच्या पुढे नेले, की चित्र चौकटीचौकटींचे दिसू लागते. ज्या दुर्बिणीचे किमान वर्धनच आठपट आहे, ती या कामी निरुपयोगी होय. दीड-दोन पटींपासून सुरू होणारी दुर्बीण उत्तम.

यंत्र दुर्बिणीच्या पुढच्या नळीवर कड्याने बसविले जाते. ते कडे नळीच्या बाहेरील व्यासाशी तंतोतंत जुळले पाहिजे. यंत्राने दाखविलेले चित्र एक मिलिरेडियनने जरी सरकले, तरी १०० मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूस जाते. डुकराचे हृदय व फुप्फुसे यांचे मर्मस्थान जेमतेम वीतभर असते. तेव्हा एवढी चूक म्हणजे जनावर तत्काळ न मरता जखमी होऊन, रात्रभर रानात तडफडत राहणे.

म्हणून खरेदीपूर्वीची परीक्षा पुढीलप्रमाणे करावी. प्रथम जोडयंत्राविना लक्ष्यफलकावर चार-पाच गोळ्या झाडाव्या. मग यंत्र बसवून तापविलेल्या खुणेवर तितक्याच झाडाव्या. नंतर यंत्र काढून, पुन्हा बसवून तेच करावे, आणि असे अनेकदा करावे. प्रत्येक वेळी गोळ्या एकाच बाजूस सारख्याच सरकत असतील, तर यंत्रातील चित्र तेवढे सरकवून दोष घालविता येतो. परंतु दर खेपेस त्या निराळ्या ठिकाणी जात असतील, तर कडे किंवा यंत्र सदोष आहे, आणि त्यावर उपाय नाही. चित्र कितीही सुरेख असले तरी असे यंत्र घेऊ नये.

याखेरीज यंत्राचे वजन रायफलीच्या पुढच्या बाजूस पडून तोल बिघडतो का, हातमोजे घालून कळी दाबता येते का, आणि थंडीत विद्युत्‌घट किती वेळ टिकतात, हेही पाहावे. सेकंदास पन्नास चित्रे दाखविणाऱ्या यंत्रात चालते जनावर सुरळीत दिसते. नऊच दाखविणाऱ्यात ते धक्क्याधक्क्याने सरकते.

यंत्र जे दाखवीत नाही

उष्णतादर्शक उष्णता दाखवितो, वस्तू नव्हे. जनावराच्या पुढची थंड फांदी त्यात दिसेलच असे नाही, परंतु गोळीची दिशा ती बदलू शकते. पलीकडे मातीचा बांध आहे की मोकळा रस्ता, हेही अनेकदा कळत नाही. म्हणून परिसर दिवसाउजेडी पाहून ठेवावा लागतो. टेहळणीसाठी रायफलीवरील यंत्र कधीही वापरू नये. त्यासाठी हातात धरावयाचा निराळा उष्णतादर्शक असावा. कारण रायफलीवरील यंत्रातून एखाद्या अनोळखी ठिपक्याकडे पाहणे म्हणजे त्याच्यावर भरलेली रायफल रोखणेच होय, आणि तो ठिपका माणूसही असू शकतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने, काही अपवाद वगळता, शिकारीस बंदी आहे. येथे हेच अदृश्य किरण निराळ्या कामी येतात. उत्तर प्रदेशातील बहराइच जिल्ह्यात २०२४ मध्ये माणसांवर हल्ले करणाऱ्या लांडग्यांचा माग काढण्यासाठी वनखात्याने उष्णतादर्शक कॅमेरे लावलेली ड्रोन विमाने वापरली. साधन कोणतेही असो, काळोखात उजळलेल्या ठिपक्यापाशी त्याचे काम संपते. तो ठिपका कोणाचा, हे ठरविण्याची जबाबदारी यंत्रामागील माणसाची असते. आणि ते ठरत नसेल, तर गोळी न झाडणे हाच एक मार्ग उरतो.