लंडनमधील तीन दारे

युरोपच्या राजधान्यांत काय पाहावे, असे विचारले की ठरलेली नावे पुढे येतात. पॅरिसचा आयफेल मनोरा, रोमचे कोलोसियम, लंडनचा टॉवर. ती पाहावीतच. पण श्रोतेहो, आपल्या नेरहून लंडनला जाणाऱ्याने आणखी तीन दारे पाहावीत, असे माझे सांगणे आहे.

पहिले हायगेट भागात, ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू. श्यामजी कृष्णवर्मांनी १९०५ साली येथे ‘इंडिया हाऊस’ हे वसतिगृह काढले आणि पुढच्याच वर्षी सावरकर येथे राहावयास आले. दुसरे १०, हाउली प्लेस. चिरोलवरील अब्रुनुकसानीच्या दाव्यासाठी गेलेले लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये येथे राहिले. दावा ते हरले. पण स्वराज्याची मागणी त्यांनी थेट राज्यकर्त्यांच्या देशात मांडली. तिसरे १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये डॉ. आंबेडकर येथे राहत आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी अभ्यास करीत. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले.

तिघांचे मार्ग निराळे, मतेही निराळी. परंतु ज्या नगरीतून आपल्यावर राज्य चालत होते, तिच्याच गल्ल्यांत राहून तिघांनी त्या राज्याला जाब विचारला. तिन्ही घरांवर आज स्मृतिफलक आहेत. टॉवरमधील राजमुकुट पाहून झाले, की एक दुपार या दारांसाठी जरूर राखून ठेवावी.